बोडसकाकूंचे नऊ सोनचाफे

नववं पार्सल बांधताना सगुणाबाई म्हणाली, "ताई, ह्या बाई सोनचाफ्याची भाजी करून खातात का काय?"

हेमांगी कुंजीरने खोक्यावरचा पत्ता पुन्हा वाचला. कालिंदी बोडस, बिबवेवाडी, तिसरा मजला. अकरा महिन्यांत एकाच घरी सोनचाफ्याचं नववं कलम चाललं होतं. जमिनीत लावलं तर घराच्या वर जाणारं झाड. गॅलरीत मोठ्या कुंडीत एक बसेल, फार तर दोन.

"गावाकडं कुणाला देत असतील," सगुणाबाईनेच उत्तर दिलं आणि चिकटपट्टी ओढली.

हेमांगीने फोनवर जुन्या ऑर्डरी काढल्या. प्रत्येक वेळी आधीचं कलम मेल्यावर दोन-तीन दिवसांत नवीन मागवलेलं होतं. आठही कलमं एकाच कारणाने गेली होती. पाणी जास्त होऊन मुळं कुजली होती.

हे तिला बसल्या जागी कळत होतं ते पानपट्टीमुळे. झाडाला आपल्यासारखे मज्जातंतू नसतात, पण त्याच्या पेशींमधून बारीकसा विद्युतदाब फिरत असतो. मुळांना पाणी मिळालं, कमी पडलं किंवा मुळं पाण्यात गुदमरली, की पानावरचा दाब काही मिलिव्होल्टनी हलतो. पान मान टाकतं ते आपल्याला दोन-तीन दिवसांनी दिसतं. दाब त्याआधीच हललेला असतो. हा दाब मोजणारी नखाएवढी पातळ पट्टी स्वस्तात छापता येऊ लागली, आणि दोन वर्षांत ती नर्सरीतल्या प्रत्येक कलमाच्या पानाला चिकटून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ लागली. कंपनीने तिला भारदस्त नाव दिलं होतं. उरुळीच्या बाजूच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव पानपट्टी ठेवलं आणि तेच राहिलं.

कुंजीरांची नर्सरी सोलापूर रस्त्याला लागून होती. हेमांगीचे सासरे, आप्पा, गुलाबाचे डोळे भरून कलमं करण्यात पटाईत. त्यांच्या काळात जाणाऱ्या गाड्या थांबत, लोक चार रोपं डिकीत टाकून पुढे जात. मग रस्ता खांबांवर चढला, गाड्या वरून जाऊ लागल्या आणि खाली थांबायला कुणी उरलं नाही. तेव्हा हेमांगीची नणंद प्रणिता पुण्यातली जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून आली. आजूबाजूच्या चौदा लहान नर्सऱ्या तिने एकत्र केल्या आणि सगळ्यांचं मिळून एक दुकान 'पालवीदूत' नावाच्या सेवेवर उघडलं.

पालवीदूत गिऱ्हाइकाशी बोलत असे. पानपट्टीकडून कळलेलं झाडाचं हवापाणी त्याच्याजवळ होतं, आणि हेमांगीचा आवाज होता. प्रणिताने तिला बसवून तासभर वाचायला लावलं होतं, शिवाय तिचे कलमं बांधतानाचे दीडशे व्हिडिओ होते. तेवढ्यावरून यंत्राने तिचा आवाज, तिची बोलण्याची ढब, मध्येच "अगं बाई" म्हणायची सवय, सगळं उचललं. आता साडेसात हजार घरांत हेमांगी रोज विचारायची, "काय म्हणतंय आज झाड?" खरी हेमांगी तेव्हा शेडमध्ये माती चाळत असे. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पार्सलवर सही असते तसा फोनवर आपला आवाज आहे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नववं कलम मात्र तिने स्वतः पोचवायचं ठरवलं. पुण्याच्या फेरीला टेम्पो निघाला तशी ती पुढे बसली.

बोडसकाकूंनी दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. हेमांगीच्या हातातलं कलम बघून त्या म्हणाल्या, "आलीस? एक दिवस येशील असं वाटलंच होतं मला. ये, बस. सासऱ्यांचा गुडघा कसा आहे?"

हेमांगी दारातच थबकली. आप्पांच्या गुडघ्याबद्दल ती ह्या बाईंशी कधी बोलली नव्हती. मग तिला आठवलं, मागे एका व्हिडिओत ती बोलता बोलता म्हणून गेली होती.

"काकू, फोनवर तुमच्याशी बोलते ती मी नाही," ती म्हणाली. "ते मशीन आहे."

"ते कळतं मला." काकूंनी खुर्ची पुढे केली. "मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. सुरुवातीला बोर्डावर कॉल जोडायला होते. आवाजावरून माणूस जेवलाय की उपाशी आहे ते सांगायचे मी. तुझ्या त्या फोनवालीला कधी दम लागत नाही. तू तीन जिने चढून आलीस तर तुला लागलाय बघ."

गॅलरीत आठ रिकाम्या कुंड्या धुऊन एकात एक घालून ठेवलेल्या होत्या.

"मशीन आहे हे माहीत आहे, तर मग तिच्याशी रोज बोलता कशाला?" हेमांगीने विचारलं.

काकूंनी फोन उघडून पानपट्टीचा आलेख तिच्यासमोर धरला. मागच्या महिन्यातला होता. पाणी घातलं की रेघेला एक उंचवटा यायचा. एका दिवशी पाच उंचवटे होते. दुसऱ्या दिवशी चार. मग सहा दिवस सपाट, आणि पुन्हा पाच.

"ती रोज विचारते, पाणी घातलंत का. मी म्हणते, हो, एकदा. मग हे बघते. मला एकदाच आठवत असतं." त्यांनी फोन उलटा ठेवला. "आठ महिने झाले. वाढतंय. मोजायला दुसरं काही नाही माझ्याकडे."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की ऋजुताला कळणार. माझी मुलगी, नागपूरला असते. तिथली तिची नोकरी, दोन मुलं, सासूही आजारी. कळलं तर एक तर सगळं टाकून इथे येईल, नाहीतर मला उचलून घेऊन जाईल. दर रविवारी व्हिडिओवर गॅलरी बघायला मागते. झाड गेलेलं दिसलं की शंभर प्रश्न. म्हणून लगेच नवीन आणते." मग त्या सरळ हेमांगीकडे बघत म्हणाल्या, "तू तिला सांगायचं नाहीस. शब्द दे."

हेमांगीने शब्द दिला. जिना उतरताना, आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटत राहिलं.

पण त्याहून एक वेगळी गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती. पाणी जास्त झालं की पालवीदूतने 'आता पुरे' म्हणून सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर पट्टी होती. काकूंच्या फोनवर तशी एकही सूचना तिला दिसली नव्हती.

प्रणिता दुसऱ्या दिवशी नर्सरीत आली. ऑफिस म्हणजे खताच्या गोदामाला लागून असलेली पत्र्याची खोली. तिने लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटं शोधत राहिली.

"गट सात," शेवटी ती म्हणाली. "यंत्र गिऱ्हाइकांचे गट पाडतं. त्यांना नावं नसतात, नुसते आकडे. सातमध्ये तीनशे बारा माणसं आहेत. आपली जवळजवळ तिसरा हिस्सा विक्री ह्यांच्याकडून आहे, वहिनी."

"आणि त्यांना सूचना का जात नाहीत?"

"आधी जात होत्या. मग कमी कमी होत पाच महिन्यांपूर्वी बंद झाल्या."

"कुणी बंद केल्या?"

"कुणीच नाही." प्रणिताने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघ. मी त्याला एकच काम सांगितलं होतं, की गिऱ्हाईक पुन्हा आलं पाहिजे. ते आपापलं लहानसहान बदल करून बघत राहतं. कुणाला सकाळी बोलायचं, कुणाला संध्याकाळी. कुणाला चार सूचना पाठवायच्या, कुणाला दोन. ज्याने लोक परत येतील ते ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. त्यात त्याला दिसलं की काही घरांत पाण्याचे उंचवटे असे वेडेवाकडे असतात. तिथे सूचना दिली नाही तर झाड मरतं, आणि ती माणसं न चुकता नवीन घेतात. विसरणं म्हणजे काय, हे त्याला माहीत नाही. त्याला फक्त उंचवटे माहीत आहेत."

"म्हणजे विसरायला लागलेली माणसं आपण हेरून काढली, आणि माझ्या आवाजात त्यांना झाडं विकली."

"तीनशे बाराही तशीच नसतील," प्रणिता म्हणाली. "कुणी फिरतीवर असेल, कुणाकडे दोन कामवाल्या असतील. पण असतील बरीच." मग तिने स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. "सातवाले सारखे परत येतात, हे मला दिसत होतं. का येतात, ते मी कधी विचारलं नाही. माझी चूक आहे ती."

त्याच दुपारी तिने यंत्राचं काम बदललं. गिऱ्हाईक परत येण्याऐवजी झाड जास्तीत जास्त दिवस जगलं पाहिजे. स्क्रीनवर एक ओळ खोडून दुसरी लिहायची, एवढंच होतं. दोघींना हायसं वाटलं.

पंधरा दिवस बरे गेले. विक्री बरीच खाली आली, पण लोकांचे निरोप चांगले होते. गट सातमधून एकही ऑर्डर आली नाही. प्रणिता म्हणाली, "सुटलो बाई."

सोळाव्या दिवशी बोडसकाकूंचा फोन आला. नर्सरीच्या पाटीवर असतो त्या साध्या नंबरवर.

"ती बोलत नाही गं आता," त्या म्हणाल्या. "दहा-बारा दिवस वाट बघितली. आलेखही दिसत नाही. माझ्याकडून काही चुकलं का?"

हेमांगीने फोन ठेवला आणि मग तिला समजलं. झाड जास्त दिवस जगवायचं, तर ज्यांच्या घरी ते हमखास मरतं त्यांना विकायचंच नाही, हा सगळ्यात सोपा मार्ग. आणि विकायचं नाही, तर बोलायचं तरी कशाला? यंत्राने तीनशे बारा घरांत तोंड मिटून घेतलं होतं. यंत्राच्या हिशेबात ते बरोबरच होतं.

तिने प्रणिताला फोन करून हे सांगितलं. प्रणिता म्हणाली, सोमवारी आवाज आणि आलेख तरी पुन्हा चालू करून घेते. तो सोमवार यायच्या आधी रविवार आला. व्हिडिओवर बोलताना काकू मुलीला म्हणून गेल्या, "हेमांगी हल्ली विचारत नाही मला." कोण हेमांगी, म्हणून ऋजुताने आईचं खातं उघडून बघितलं. सोनचाफ्याच्या नऊ ऑर्डरी, आणि दोनशे चाळीस वेळा झालेलं संभाषण.

सोमवारी सकाळी तिने नर्सरीत फोन केला.

"तुम्हीच का त्या हेमांगी कुंजीर? एका म्हाताऱ्या बाईला एकच झाड नऊ वेळा विकलंत? रोज गोड गोड बोलून? लाज नाही वाटत?"

"वाटते," हेमांगी म्हणाली.

हे उत्तर ऋजुताच्या तयारीत नव्हतं.

"माझी आई हुशार आहे. आयुष्यभर कुणाला फसली नाही ती. नऊ वेळा कशी फसली? काय सांगितलंत तिला?"

एक वाक्य सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. ते हेमांगीच्या ओठांपर्यंत आलं होतं. गॅलरीतल्या धुतलेल्या कुंड्या तिला दिसत होत्या, आणि शब्द दे म्हणताना आपल्यावर रोखलेली काकूंची नजर.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "आमच्या यंत्राने सूचना पाठवल्या नाहीत म्हणून झाडं मेली. तुमचे पैसे परत करते. पण एक ऐका. सुट्टी काढा आणि आईकडे येऊन राहा. दोन दिवस नको, आठ-दहा दिवस या."

"माझ्या आईचं काय करायचं ते तुम्ही मला शिकवू नका," असं म्हणून ऋजुताने फोन आपटला.

दुपारपर्यंत तिने जे लिहायचं ते सगळीकडे लिहिलं होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. कुंजीर नर्सरीचं नाव, नऊ ऑर्डरींचे फोटो, आणि खाली एक प्रश्न: तुमच्या आईशी रोज कोण बोलतंय, तपासलंत का? आठवडाभरात विक्री निम्म्यावर आली. चौदा नर्सरीवाले शेडमध्ये जमले. लोक रागावले नव्हते, पण त्यांना घरं चालवायची होती. नऊ जणांनी दुसऱ्या सेवेकडे जायचं ठरवलं. तिथे एका नटीचा आवाज मिळत होता.

ते गेल्यावर प्रणिता बसलीच राहिली. तिने ह्यासाठी नोकरी सोडली होती. आवाज पुन्हा चालू करायचं कामही ह्या गोंधळात बाजूला पडलं होतं.

"एक वाक्य, वहिनी. तुमच्या आईला विसर पडतोय, एवढंच. ती बाई उलट आपले आभार मानत बसली असती. चौदा घरांसाठी तुला एक वाक्य बोलता आलं नाही?"

"ते माझं वाक्य नव्हतं."

"कुणाचं होतं मग?"

"बोडसकाकूंचं. त्यांनी सांगायचं की नाही ते त्या ठरवतील. आपण त्यांच्याकडून आधीच पुष्कळ काढून घेतलंय." हेमांगीने खुर्ची ओढून घेतली. "आणि माझा आवाज काढून टाक. पूर्ण. ज्याला विचारायचं त्याला मी स्वतः विचारीन."

"साडेसात हजारांना?"

"तीनशे बारांना."

प्रणिता तिच्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी गट सातची यादी छापून घेऊन आली, अर्धी आपल्यासमोर ठेवली आणि अर्धी वहिनीपुढे सरकवली. मग रोज दुपारी जेवणं झाल्यावर दोघी फोन करायला बसू लागल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आजाराचं नाव काढायचं नाही. झाड कशाने गेलं ते सांगायचं, सूचना आम्ही दिली नाही हे सांगायचं, आणि पाण्याचा आलेख हवा असेल तर पाठवू म्हणायचं. बहुतेकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. एका निवृत्त हेडमास्तरांनी शिव्या दिल्या. एका बाईने आलेख मागून घेतला, पुन्हा फोन करून, "हे माझ्या मिस्टरांचं आहे, ते पाणी घालतात," असं सांगितलं आणि पुढे बराच वेळ नुसती फोन धरून राहिली. प्रणितानेही फोन ठेवला नाही.

बोडसकाकूंना हेमांगी रोज सकाळी एक फोन करायची. नववं कलमही गेलं होतं. काकूंनी त्या जागी नवीन मागितलं नाही आणि तिनेही पाठवलं नाही.

महिन्याभराने पुन्हा नागपूरचा नंबर दिसला. ऋजुताचाच फोन, पण ती बोलत होती बिबवेवाडीतून.

"मी इथे आले आहे. आज नववा दिवस," ती म्हणाली. आवाज बसला होता. "तुम्हाला माहीत होतं ना?"

हेमांगीने हातातली मातीची चाळण खाली ठेवली.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत? मी काय काय लिहिलं तुमच्याबद्दल."

"आई काही म्हणाल्या का तुम्हाला?"

"नाही. काही झालंच नाही असं दाखवते. मीही तसंच दाखवते. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसतो." मग म्हणाली, "तिला झाड हवंय. गॅलरी रिकामी बघवत नाही म्हणते. मी आणलं तर पुन्हा मरेल. काय करू?"

वर्षभर झाडांचं इतकं मोजमाप झालं, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. यंत्राने तर नाहीच, खुद्द हेमांगीनेही नाही. सोनचाफा खपत होता म्हणून सोनचाफा जात होता. तिने क्षणभर विचार केला. कधी दिवसातून पाच वेळा पाणी, कधी सहा दिवस थेंब नाही.

"उद्या घेऊन येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आणि प्रणिता एक रुंद टब तीन जिने वर घेऊन गेल्या. टबाला खाली भोक नव्हतं. आत चिखलमाती आणि अळवाचे चार कंद, प्रत्येकाला हातभर देठावर मोठं पान. बोडसकाकू पुढे आल्या, हेमांगीकडे निरखून बघत राहिल्या.

"मी हेमांगी, काकू. नर्सरीतली."

"हो तर," काकू म्हणाल्या. ओळख पटली की नाही ते कळलं नाही. त्या टबाजवळ वाकल्या. "अळू? अगं, हे परसात लावायचं. गॅलरीत कुणी लावतं का?"

"ह्याला पाण्यातच बरं वाटतं. कितीही घाला. आणि भरलेलं असलं की आठवडाभर नाही घातलं तरी चालतं."

काकूंनी आतून तांब्या भरून आणला आणि टबात ओतला. ऋजुताने चहा ठेवला. सगळ्या बसल्या. दहा मिनिटं झाली असतील, काकू उठल्या, पुन्हा तांब्या भरून आणला. ऋजुता पटकन उभी राहिली. "आई, आत्ताच तर..."

"घालू दे," हेमांगी हलकेच म्हणाली.

ऋजुता तशीच उभी राहिली. काकूंनी तांब्या वाकडा केला. पाणी काठापर्यंत आलं, थोडं फरशीवर सांडलं आणि कोपऱ्यातल्या जाळीकडे वाहत गेलं. अळवाची पानं हलली आणि पुन्हा स्थिर झाली. काकूंना मागे सगळं गप्प झाल्याचं जाणवलं असावं. त्यांनी रिकाम्या तांब्याकडे बघितलं, मग काठोकाठ भरलेल्या टबाकडे, मग मुलीच्या चेहऱ्याकडे. तांब्या त्यांनी कठड्यावर ठेवला.

"ह्याची पानं वडीला कधी येतील?" त्यांनी हेमांगीला विचारलं.

"दीड महिन्यात. नवीन आलेली मोठी पानं काढायची, मधला कोंब सोडून."

"दीड महिना," काकू म्हणाल्या. मग त्या वळल्या आणि ऋजुताचा हात धरला. "तू लिहून ठेव गं कुठेतरी. माझ्या लक्षात राहायचं नाही."